नोकरदाराचा हक्क आणि त्याचा कागद

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी आम्ही काही अभ्यासपूर्ण लिहावे, अशी सूचना चिटणीसांकडून आली, तेव्हा शिक्षणविषयक एखादा निबंध लिहावा असे प्रथम आमच्या मनात आले. वीस वर्षांहून अधिक काळ शाळेत घालवलेल्या माणसास तो विषय सोपा. परंतु दर रविवारी सकाळी ट्रस्टच्या वाचनालयात आम्ही जे पाहतो, त्याने आम्हांस विषय बदलावयास लावला.

वृत्तपत्रे चाळण्यासाठी म्हणून आम्ही तेथे जाऊन बसतो. हळूहळू लोक येऊ लागतात. कोणी उद्यमबागेतील कारखान्यात काम करणारा तरुण, कोणी खाजगी शाळेतील शिक्षिका, कोणी दुकानातील कारकून, कोणी नोकरीसाठी पुण्यास अगर पणजीस गेलेली आणि सुटीवर आलेली मुलगी. खिशातून घडी घातलेला एखादा कागद निघतो आणि प्रश्न येतो, "मास्तर, यात काय लिहिलंय हो?" कधी कधी कागदच नसतो, आणि खरी अडचण तीच असते.

आम्ही वकील नव्हे. पदवीधर प्रशिक्षित शिक्षक आहोत, इतकेच. तथापि कायद्याच्या ज्या गोष्टी प्रत्येक नोकरदारास ठाऊक असाव्यात, त्या सोप्या मराठीत मांडण्यास वकिलीची सनद लागत नाही. त्यासाठीच हा लेख. त्याचे सार आरंभीच सांगून टाकतो: हक्क कायद्याच्या पुस्तकात असतो खरा, पण तो पदरात पडण्यासाठी त्याचा पुरावा आपल्या घरच्या पेटीत असावा लागतो.

एका मावशींची हकीकत

आम्ही ज्या शाळेत पूर्वी नोकरीस होतो, त्या शाळेत एक मावशी होत्या. शाळेचे व त्यांचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. १९९८ च्या जूनमध्ये त्या कामास लागल्या. वर्ग झाडणे, पाणी भरणे, घंटा देणे, लहान मुलांना सांभाळणे, ही त्यांची कामे. २०१७ च्या मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ थाटाचा झाला. शाल दिली, श्रीफळ दिले. भाषण आम्हीच केले. मावशींच्या सेवेचे मोल पैशात होणार नाही, असे एक वाक्य आमच्या तोंडून गेले आणि टाळ्याही पडल्या.

दोन वर्षांनी, २०१९ साली, कसलासा सरकारी अर्ज भरून घेण्यासाठी त्या वाचनालयात आल्या. बोलता बोलता आम्ही विचारले, "मावशी, ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत ठेवलेत ना?" त्यांनी आम्हांलाच उलट विचारले, "ते काय असतं?"

वाचकहो, त्या क्षणी आम्हांस आमच्या भाषणाची लाज वाटली. त्यांच्या सेवेचे मोल पैशात होत होते. कायद्याने ते ठरवूनही दिले होते. ते त्यांना मिळाले नव्हते आणि आम्ही टाळ्या घेऊन घरी गेलो होतो.

त्यांचा अखेरचा पगार १०,४०० रुपये. ग्रॅच्युइटीचा हिशेब असा की, महिन्याच्या पगारास २६ ने भागावे, म्हणजे एका दिवसाचा पगार निघतो; त्यास १५ ने गुणावे आणि जितकी वर्षे सेवा झाली, तितक्या वर्षांनी पुन्हा गुणावे. १०,४०० भागिले २६ म्हणजे ४००. चारशे गुणिले १५ म्हणजे ६,०००. सहा हजार गुणिले १९ वर्षे म्हणजे १,१४,००० रुपये. चौथीच्या मुलासही सुटेल असे हे गणित. परंतु शाळेतल्या आम्हां कोणासही ते सोडवून पाहावेसे वाटले नव्हते.

अर्ज केला. व्यवस्थापनाचे उत्तर आले की, बाई नोकरीस नव्हत्याच. त्या मानधनावर मदतनीस होत्या. मावशींजवळ नियुक्तिपत्र नव्हते. पगाराची चिठ्ठी कधी मिळालीच नव्हती. मग प्रकरण कामगार खात्याच्या अधिकाऱ्यापुढे गेले. तेथे हजेरीपटाची मागणी झाली, तेव्हा २००१ पासूनचे पट निघाले; त्यापूर्वीचे नव्हते. बँकेचे पासबुक त्याहून अलीकडचे. साक्षीस कोण उभे राहणार, हा प्रश्न आला. आम्ही तेव्हा त्याच शाळेत नोकरीस होतो. घरी दोन दिवस विचार चालला. मुलांचे शिक्षण, घराचा हप्ता, सारे डोळ्यांपुढे आले. अखेर आम्ही लेखी जबाब दिला की, २००४ साली आम्ही शाळेत रुजू झालो, तेव्हापासून या बाईंस आम्ही रोज कामावर पाहिले आहे.

२०२१ साली तडजोड झाली. मावशींस सोळा वर्षांचे ९६,००० रुपये मिळाले. व्याजाचा आग्रह त्यांनी धरला नाही. पहिली तीन वर्षे सिद्ध करता आली नाहीत, म्हणून १८,००० रुपये गेले. १९९८ साली कोणीतरी चार ओळींचा एक कागद त्यांच्या हाती दिला असता, तर हे पैसे वाचले असते. एका कागदाची एवढी किंमत असते, हे त्या दिवशी आम्ही शिकलो.

हे हक्क आले कोठून?

हे हक्क कोणी दान म्हणून दिलेले नाहीत. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांची संघटना उभारली. त्या काळी गिरणीकामगारांस आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. सभा, अर्ज, हजारोंच्या सह्या, असे सारे होऊन १८९० साली रविवारची सुटी मान्य झाली. ज्या रविवारी आपण वाचनालयात येऊन बसतो, त्या रविवारामागे त्या सह्यांची पुण्याई आहे.

पुढे १९३६ साली वेतन वेळेवर देण्याचा कायदा झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. किमान वेतनाचे विधेयक त्यांनीच १९४६ साली मांडले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. १९५२ साली भविष्यनिर्वाह निधी, १९६१ साली प्रसूतिलाभ, १९७२ साली ग्रॅच्युइटी, असे एकेक कायदे होत गेले. अशा २९ केंद्रीय कायद्यांचे एकत्रीकरण करून संसदेने २०१९ व २०२० साली चार संहिता मंजूर केल्या: वेतन संहिता, औद्योगिक संबंध संहिता, सामाजिक सुरक्षा संहिता आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता. या चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. त्यांमुळे घरोघरी जे जुने माहितीपत्रक जपून ठेवलेले असेल, त्यावर आता सर्वस्वी विसंबू नये. मात्र ज्यांची नोकरी त्या तारखेपूर्वीच संपली, त्यांचा ग्रॅच्युइटीचा हिशेब जुन्या कायद्यानेच पाहावयाचा.

शिक्षक हा कामगार की कर्मचारी?

आपल्या समाजात शिक्षक पुष्कळ आहेत, म्हणून हा प्रश्न थोडा विस्ताराने घेतो. 'कामगार' आणि 'कर्मचारी' हे शब्द आपण बोलताना एकच समजतो. कायदा तसे समजत नाही आणि त्या फरकावरच कोणते दार ठोठवावयाचे हे ठरते.

चोर्ल्याचा घाट उतरला की लागणाऱ्या गोव्यातलेच एक उदाहरण आहे. तेथील एका शाळेतील शिक्षिकेस कामावरून कमी करण्यात आले. तिने १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८८ साली निकाल लागला की, शाळा ही त्या कायद्याच्या अर्थाने उद्योग असली, तरी शिक्षक हा त्या कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे. विद्यादान हे उदात्त कार्य आहे, त्यास शारीरिक, तांत्रिक वा कारकुनी काम म्हणता येत नाही. शिक्षकास थोरवी मिळाली. कामगार न्यायालयाचे दार मात्र बंद झाले. त्याच शाळेतील कारकून, शिपाई व गाडीचालक यांना ते दार उघडे होते. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येची ठेवण बहुतांशी जुनीच आहे.

मग शिक्षकाने जावे कोठे? त्यासाठी राज्याराज्यांत वेगळी व्यवस्था आहे. महाराष्ट्रात खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे. बडतर्फीचा हुकूम हाती पडल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करावयाचे असते. आपल्या कर्नाटकात १९८३ च्या शिक्षण कायद्याखाली शैक्षणिक अपील न्यायाधिकरण असून तेथे तीन महिन्यांची मुदत आहे. सीमेच्या अलीकडे एक मुदत, पलीकडे दुसरी. चंदगडास नोकरी करणाऱ्या भावाचा सल्ला बेळगावच्या बहिणीने डोळे मिटून घेतला किंवा तिचा त्याने घेतला, तर घोटाळा व्हावयाचा. हुकूम हाती पडला त्या दिवसाची तारीख त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी आणि रडण्याआधी दिवस मोजावेत.

ग्रॅच्युइटीच्या बाबतीतही शिक्षकांना मोठा वळसा पडला. केंद्र सरकारने ३ एप्रिल १९९७ च्या अधिसूचनेने दहा किंवा अधिक माणसे असलेल्या शिक्षणसंस्थांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू केला. परंतु अहमदाबादच्या खाजगी प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली असे ठरविले की, त्या कायद्यातील 'कर्मचारी' या व्याख्येत शिक्षक बसत नाही. कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी, असे जे शब्द व्याख्येत होते, त्यांपैकी एकही शिकवण्याच्या कामास लागू पडेना. शिपायास ग्रॅच्युइटी आणि शिक्षकास नाही, अशी स्थिती झाली. मग संसदेने २००९ साली व्याख्याच बदलली आणि तो बदल ३ एप्रिल १९९७ पासून लागू केला. खाजगी शाळांच्या संघटनांनी त्यास आव्हान दिले. २९ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि दुरुस्ती कायम केली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतील व्याख्येतही नाना प्रकारची कामे मोजून शेवटी 'अन्य कोणतेही काम' असे शब्द घातलेले आहेत.

म्हणजे १९९७ साली निघालेली गोष्ट पंचवीस वर्षांनी निःसंशय झाली. या पंचवीस वर्षांत जे निवृत्त झाले, त्यांतले किती जण हा निकाल वाचावयास राहिले असतील, हा विचार मनास चाटून जातो.

ग्रॅच्युइटीचे नियम थोडक्यात

एखाद्या संस्थेत दहा किंवा अधिक माणसे असली की हा नियम लागू होतो आणि एकदा लागू झाला की पुढे माणसे दहाहून कमी झाली तरी सुटत नाही. सामान्यतः पाच वर्षे सलग सेवा झालेली असावी. मृत्यू आला किंवा अपघाताने वा आजाराने अपंगत्व आले, तर पाच वर्षांची अट नाही. रक्कम वारसास अगर त्या माणसास मिळते. ठरावीक मुदतीच्या करारावर जे नेमले जातात, त्यांना नव्या संहितेने एक वर्षाच्या सेवेवरही हा हक्क दिला आहे. हा बदल मोठा आहे. दर वर्षी जूनमध्ये नेमावयाचे आणि एप्रिलमध्ये मोकळे करावयाचे, अशी रीत जेथे आहे, तेथील मंडळींनी आपल्या कराराचा कागद नीट वाचावा.

अखेरच्या वर्षात सहा महिन्यांहून अधिक सेवा झाली असेल, तर ते पूर्ण वर्ष धरतात. रकमेची कमाल मर्यादा २०१८ पासून २० लाख रुपये आहे. पैसे देय झाल्यापासून ३० दिवसांत दिले पाहिजेत. उशीर झाल्यास व्याज द्यावे लागते. अर्ज उशिरा केला एवढ्याच कारणाने हक्क बुडत नाही, असे जुन्या नियमांत स्पष्ट होते. मावशींचे प्रकरण त्यामुळेच तरले. तरीही उशीर करू नये, कारण कागद व साक्षीदार दोन्ही काळाबरोबर नाहीसे होतात. मालकास वाटले म्हणून ग्रॅच्युइटी रोखता येत नाही. कर्मचाऱ्याने नुकसान केल्याबद्दल किंवा गंभीर गैरवर्तनाबद्दल त्यास कामावरून काढले असेल, तरच कायद्याने सांगितलेल्या मर्यादेत ती कापता येते. सरकारी नोकरांचे नियम मात्र निराळे असतात.

हिशेबासाठी 'पगार' म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता. पुष्कळ ठिकाणी मूळ पगार मुद्दाम थोडका दाखवून बाकीचे भत्ते फुगवतात. त्यास नव्या संहितांनी आळा घातला आहे. समजा, एकूण २०,००० रुपये मिळतात. त्यांत मूळ पगार ६,००० आणि इतर भत्ते १४,०००. भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून, म्हणजे १०,००० हून, जितके अधिक असतील तितके पगारात धरावयाचे. येथे ४,००० अधिक आहेत. म्हणून हिशेबाचा पगार ६,००० नसून १०,००० होतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

'पगार केव्हा मिळाला पाहिजे?' महिन्याच्या पगारावर असलेल्यास पुढील महिन्याची सात तारीख उलटण्यापूर्वी. नोकरी सोडली किंवा काढून टाकले, तर राहिलेला पगार कामकाजाच्या दोन दिवसांत. पूर्वी वेतन वेळेवर देण्याच्या कायद्यास पगाराची एक मर्यादा होती. वेतन संहितेत सर्व कर्मचारी आले. थकलेल्या पगाराचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो.

'मालक पगारातून वाटेल तेवढी कपात करील काय?' नाही. कोणत्या कारणांसाठी कपात करता येते, हे संहितेत मोजून सांगितले आहे आणि सर्व कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत.

'आम्हांला मानधन देतात, मग आम्ही नोकर कसे?' नावाने काही होत नाही. कोणाच्या हुकुमाने काम करता, हजेरी कोण घेतो, रजा कोणाकडे मागता, पैसा कोण देतो, या गोष्टी पाहिल्या जातात. मावशींच्या प्रकरणात हेच झाले. घंटा देण्यास पाच मिनिटे उशीर झाला म्हणून ज्यांना जाब विचारला जात असे, त्या नोकर नव्हत्या असे म्हणणे टिकले नाही.

'बाळंतपणाची रजा खाजगी नोकरीत मिळते का?' कायदा लागू असलेल्या ठिकाणी मिळते. प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे आणि त्यानंतर १२ आठवडे पगारी रजा आहे. त्या रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदा आहे. हे ठाऊक नसल्यामुळे आपल्या कितीतरी लेकीसुना बाळंतपण आले की राजीनामा देऊन मोकळ्या होतात आणि मूल शाळेत जाऊ लागले की नव्या मुलीच्या पगारावर पुन्हा आरंभ करतात.

'कामाच्या ठिकाणी कोणी वाईट वागले तर?' हा प्रश्न मोठ्याने विचारला जात नाही. एखादी मुलगी सर्वांच्या मागे थांबते आणि मैत्रिणीचे म्हणून सांगते. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते आणि तिची अध्यक्ष स्त्रीच असते. माणसे दहाहून कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांत करावी. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. घरच्या वडीलधाऱ्यांस आमची विनंती अशी की, मुलीने असे काही सांगितले, तर 'नोकरी सोड' हे पहिले उत्तर देऊ नये. आधी तिचे म्हणणे पूर्ण ऐकावे.

पेटीत काय असावे?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पहिला कागद नियुक्तिपत्राचा. नव्या संहितेने ते देणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. मागण्यास संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो; पण हक्काची वस्तू मागणे हा उद्धटपणा नव्हे. दुसरा कागद पगाराच्या चिठ्ठीचा. तीही आता देणे आवश्यक आहे. तिसरे बँकेचे पासबुक. ते भरले म्हणून टाकून देऊ नये. चौथा भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक. पाचवे, वारसाच्या नावाचा अर्ज. तो लग्नानंतर बदलला आहे काय, हे पाहावे. सहावे, आपण मालकास दिलेल्या प्रत्येक अर्जाची प्रत, तीवर पोच घेतलेली. पोच देत नसतील, तर टपालाने पाठवून पावती ठेवावी.

दोन गोष्टी मात्र कधी करू नयेत. कोऱ्या कागदावर अगर तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही करू नये. तसेच पदवीची मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या कपाटात ठेवावयास देऊ नयेत; दाखवावीत, नक्कल द्यावी, मूळ घरी आणावे.

जे लिहिले नाही, ते सिद्ध करणे कठीण. आणि जे सिद्ध होत नाही, ते कायद्यालाही देता येत नाही.

आपण मालकही आहोत

येथवर लेख नोकरदाराच्या बाजूने चालला. परंतु ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल, त्यांतले बरेच जण दुसऱ्या बाजूसही आहेत. कोणाचे दुकान आहे, कोणाचा छोटा कारखाना आहे. आणि ट्रस्टचे सभासद या नात्याने आपण सर्वच मालक आहोत. सभागृहाचा रखवालदार, बालवाडीच्या मदतनीस बाई, वाचनालयाचा शिपाई, ही माणसे कोणाची नोकरी करतात? आपलीच.

धर्मादाय संस्था म्हटली की कायदा आपल्यास लागत नाही, असा एक समज आहे. त्यास थोडा आधारही आहे. औद्योगिक संबंध संहितेत 'उद्योग' या शब्दाच्या अर्थातून धर्मादाय व समाजसेवी कार्य करणाऱ्या संस्था वगळलेल्या आहेत. पण वेतन संहितेने अगर ग्रॅच्युइटीच्या नियमांनी अशी सरसकट सूट दिलेली नाही. शिवाय दहा माणसांची अट पुरी होत नाही म्हणून जेथे कायदा पोहोचत नसेल, तेथे आपली बुद्धी पोहोचावयास कोणाची हरकत आहे?

आमचे वडील शिंपीकाम करीत. दुकानात दोन कारागीर असत. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांचा हिशेब चुकता केल्याशिवाय वडील दुकानास कुलूप लावीत नसत. एखाद्या आठवड्यात गिऱ्हाइकाकडून पैसे आले नाहीत, तर आईच्या डब्यातून काढून देत. दुसऱ्याची मजुरी खिशात ठेवून जुम्म्याच्या नमाजास उभे राहणे त्यांना पटत नसे. त्यांनी कायद्याचे एकही पुस्तक वाचलेले नव्हते. मात्र एका वहीत कारागिराचे नाव, तारीख, रक्कम आणि त्याचा अंगठा, एवढे ते न चुकता घेत. ती वही आम्ही जपून ठेवली आहे.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी विश्वस्तमंडळापुढे नम्रपणे एक सूचना ठेवतो. समारंभात आपण ट्रस्टच्या जुन्या सेवकांचा सत्कार करणार आहोत. शाल व श्रीफळ देणार आहोत. ते अवश्य द्यावे. मात्र त्या ताटात आणखी एक कागद ठेवावा. त्यावर त्या सेवकाचे नाव, तो कामास लागला ती तारीख, त्याचे काम, त्याचा पगार आणि विश्वस्तांची सही असावी. पुढील महिन्यापासून प्रत्येकास पगाराची चिठ्ठी मिळावी. आणि निवृत्तीच्या वेळी द्यावयाच्या रकमेसाठी दर वर्षी थोडी थोडी रक्कम निराळी काढून ठेवावी. दहा हजारांच्या पगारावर ती वर्षाला सहा हजारांच्याही आत येते. पन्नास वर्षांच्या संस्थेस हे जड नाही.

मावशी अजून भेटतात. ९६,००० रुपयांचे काय केले, असे आम्ही एकदा विचारले. नातीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी भरली म्हणाल्या. नंतर ती मुलगी हुबळीच्या एका रुग्णालयात नोकरीस लागली. पहिल्या दिवशी आजीने तिला फोन करून एकच प्रश्न विचारला, "कागद दिला का गं?"